धरलें कीं अडविलें?

अमेरिकेंत ज्या खेळास फुटबॉल म्हणतात त्यांत पायानें चेंडू मारण्याचा प्रसंग फार थोडा येतो, हें प्रथमच सांगून टाकतों. म्हणजे पुढचा घोटाळा टळेल. चेंडू लांबट, दोन्ही टोकांस निमुळता. तो कुशींत घेऊन धांवावयाचें किंवा हातानें दूर फेकावयाचा, आणि प्रतिपक्षानें तो नेणाऱ्यास खालीं पाडावयाचें. आपल्या हुतूतूच्या मैदानावर आयुष्य काढलेल्या माणसास हा खेळ परका वाटूं नये. मला तर तो पहिल्याच दिवशीं ओळखीचा वाटला.

दोन वर्षांमागें न्यू जर्सी संस्थानांत कन्येकडे माझा मुक्काम होता. नातवाच्या शाळेच्या मैदानावर एका शुक्रवारीं संध्याकाळीं विजेच्या दिव्यांच्या उजेडांत सामना होता. आमच्या बाजूचा एक पोरगेलासा गडी चेंडू घेऊन गर्दींतून निसटला, आणि पन्नास-साठ यार्ड धांवत जाऊन त्यानें शेवटची रेषा ओलांडली. सारें प्रेक्षागार उभें राहिलें. परंतु जेथून तो निसटला त्या जागीं गवतावर एक पिवळें फडकें पडलें होतें. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेला एक गृहस्थ पुढें आला, त्यानें एका हाताची मूठ छातीपुढें धरून दुसऱ्या हातानें तिचें मनगट पकडून दाखविलें, आणि ती सारी धांव पुसली गेली. वर दहा यार्डांचा दंड! माझ्या शेजारीं बसलेले वृद्ध सद्गृहस्थ स्वतः वीस-बावीस वर्षें शाळांच्या सामन्यांत पंच होते. मीं त्यांस विचारलें, "त्या मुलानें काय केलें?" ते म्हणाले, "त्यानें कांहींच केलें नाहीं. दुसऱ्या कोणी तरी दुसऱ्या कोणास धरलें."

ह्या "दुसऱ्या कोणी" केलेल्या अपराधाचा इतिहास मीं पुढें पुस्तकांतून वाचला. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर. त्या वाचनाच्या व शेजाऱ्यांच्या बोलण्याच्या आधारें आज बोलतों आहें.

प्रत्येक पक्षाचे अकरा गडी. चेंडू ज्यांच्याकडे असतो त्यांचे बहुतेक गडी चेंडूस हातसुद्धां लावीत नाहींत. त्यांचें काम एवढेंच, कीं प्रतिपक्षाच्या माणसांपुढें आपलें अंग घालून चेंडू नेणाऱ्यास वाट करून द्यावयाची. ह्यास ब्लॉकिंग म्हणतात. आपण अडविणें म्हणूं. अडविणें हा हक्क आहे. परंतु अडवितांना प्रतिपक्षाचा सदरा मुठींत घेतला, त्याच्या मानेस अगर कमरेस हात घातला, त्यास ओढला, पिरगळला, तर तें होल्डिंग म्हणजे धरणें झालें, आणि तो अपराध. बचाव करणाऱ्यास मात्र चेंडू नेणाऱ्यास खुशाल धरतां येतें. एकाच मैदानावर एकास जें कर्तव्य तेंच दुसऱ्यास पाप, असा हा प्रकार आहे. तो कसा उत्पन्न झाला हें पाहण्यासारखें आहे.

१८६९ सालच्या ६ नोव्हेंबर रोजीं न्यू ब्रन्सविक गांवीं रटगर्स व प्रिन्स्टन ह्या दोन कॉलेजांमध्यें जो सामना झाला तो अमेरिकन कॉलेजांचा पहिला फुटबॉलचा सामना गणला जातो. प्रत्येक बाजूस पंचवीस गडी होते व रटगर्सनें तो ६ विरुद्ध ४ असा जिंकला. ती जागा कन्येच्या घरापासून फारशी दूर नसल्यामुळें मी पाहून आलों. आतां तेथें कॉलेजची व्यायामशाळा आहे. पण त्या दिवशींचा खेळ आजच्या खेळाचा केवळ नांवाचा पूर्वज. त्यांत चेंडू हातांत घेऊन धांवण्याची मुभाच नव्हती. ती मुभा आली रग्बी खेळांतून. १८७४ सालीं कॅनडांतील मॅक्गिल विद्यापीठाचे विद्यार्थी हार्वर्डशीं खेळावयास आले, आणि हार्वर्डच्या मुलांस त्यांचा रग्बी फार आवडला. १८७६ सालीं स्प्रिंगफील्ड येथें मॅसासॉइट हाउस नांवाच्या हॉटेलांत कॉलेजांच्या प्रतिनिधींनीं एकत्र बसून रग्बीचेच नियम थोड्या फेरफारानें स्वीकारले.

आतां रग्बीचा एक मूळ नियम लक्षांत घ्यावयाचा. ज्याच्यापाशीं चेंडू आहे त्याच्या पुढें असलेला त्याचा सोबती खेळांतून बाद समजला जातो. त्यानें कोणास अडवावयाचें नाहीं. म्हणजे रग्बींत धांवणारा एकटा असतो. अमेरिकेंत हा नियम कागदावर तसाच राहिला आणि मैदानावर झिजत गेला. १८७९ सालीं प्रिन्स्टनच्या खेळाडूंनीं चेंडू नेणाऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूंस एकेक सोबती धांवत ठेवण्यास आरंभ केला. सोबती बाजूस आहे, पुढें नाहीं. मग बाद कसा? हा युक्तिवाद एकदां मान्य झाला, म्हणजे बाजूचा माणूस पाऊलभर पुढें सरकावयास कितीसा वेळ लागणार? दुसऱ्या कॉलेजांनीं आधीं ओरड केली आणि मग तीच युक्ति उचलली.

हें थोपवावें कोणीं? त्या काळच्या नियमांत दोन न्यायाधीश व एक रेफरी अशी योजना होती, आणि ते दोन न्यायाधीश दोन्ही पक्षांनीं एकेक आपापला आणावयाचा! असला न्यायाधीश म्हणजे त्या पक्षाचा वकीलच. तो रेफरीच्या कानाशीं लागून भांडण्यांत गुंतलेला, आणि रेफरी बिचारा दोघांचें ऐकण्यांत गुंतलेला; तेवढ्या वेळांत मैदानावर काय चाललें आहे हें कोण पाहणार? पुढें ही चाल सुटली, आणि त्याच शतकाच्या अखेरीपर्यंत रेफरी, अंपायर व लाइन्समन असे निरनिराळ्या कामांचे अधिकारी आले. खेळाडूंच्या वर्तनावर नजर ठेवणें हें काम अंपायरकडे आलें. मात्र तोंवर अडविणें रूढ होऊन बसलें होतें, आणि नियमास रूढीपुढें मान तुकवावी लागली.

येल कॉलेजचा वॉल्टर कॅम्प ह्यास अमेरिकन फुटबॉलचा जनक म्हणतात. त्याच्या खटपटीनें १८८० सालीं गड्यांची संख्या अकरावर आली, आणि रग्बींतील झोंबाझोंबीच्या ऐवजीं एका पक्षानें चेंडू रेषेवर ठेवून तो मागें द्यावयाचा, असें ठरलें. १८८२ सालीं तीन डावांत पांच यार्ड पुढें गेलेंच पाहिजे असा निर्बंध आला. चेंडू कोणाकडे येणार हें आधींच ठाऊक असल्यावर अडविणाऱ्यांची आंखणी करतां येते, आणि आंखणी करतां आली कीं अडविणें ही एक विद्याच होऊन बसते.

पहिला मोठा प्रश्न हातांचा आला. रेषेवरचे गडी एकमेकांपासून अंतर ठेवून, हात पसरून उभे राहत व त्या पसरलेल्या हातांनीं प्रतिपक्षास थोपवीत. १८८८ सालीं ह्या लांबविलेल्या हातांस बंदी झाली, आणि त्याच वर्षीं धांवणाऱ्यास गुडघ्यांपर्यंत धरून पाडण्याची सवलत मिळाली. दोन्ही फेरफार दिसावयास लहान, पण त्यांनीं खेळाचें रूप पालटून टाकलें. हात पसरतां येत नाहींत तर फटी बुजवावयाच्या कशा? अंगानें. गडी खांद्यास खांदा लावून उभे राहूं लागले. मागचे लोकही जवळ सरकले. आणि चपळाईपेक्षां वजनास किंमत आली. धरूं नये म्हणून केलेल्या नियमानें माणसांच्या भिंती उभ्या केल्या. नियम करणाऱ्यांनीं हें मनांत आणलें असेल असें मला वाटत नाहीं.

ह्या भिंतीची परमावधि १८९२ सालच्या नोव्हेंबरांत हार्वर्ड व येल ह्यांच्या स्प्रिंगफील्ड येथील सामन्यांत दिसली. लोरिन डेलंड नांवाच्या एका गृहस्थानें हार्वर्डास एक व्यूह रचून दिला. हा गृहस्थ स्वतः कधीं फुटबॉल खेळला नव्हता. बुद्धिबळें आणि नेपोलियनच्या लढाया हा त्याचा व्यासंग! उत्तरार्धाच्या आरंभीं हार्वर्डचे गडी दोन टोळ्या करून मागून भरधांव आले, चेंडूपाशीं एकत्र झाले, आणि पाचर लांकडांत शिरावी तसे येलच्या एका माणसावर जाऊन आदळले. ह्यास उडती पाचर असें नांव पडलें. सामना येलनेंच ६ विरुद्ध ० असा जिंकला, पण पुढच्या वर्षीं पाचर सगळीकडे झाली. १८९४ सालीं ती बंद करण्यांत आली; तरी तिचीं भावंडें दुसऱ्या नांवांनीं चालूच राहिलीं.

मुलें मरूं लागलीं. १९०५ सालच्या हंगामांत अठरा-एकोणीस मृत्यु झाल्याचें त्या वेळच्या वर्तमानपत्रांनीं छापलें. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट ह्यांनीं ऑक्टोबरांत हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील मंडळींस आपल्या निवासस्थानीं बोलावून खेळ सुधारण्याविषयीं बजावलें. १९०६ सालीं नवे नियम झाले. त्यांतील चेंडू पुढें फेकण्याची परवानगी सर्वांस ठाऊक आहे. मला मात्र दुसऱ्याच एका नियमाचें महत्त्व अधिक वाटतें. दोन्ही पक्षांच्या रेषांमध्यें चेंडूच्या लांबीइतकी मोकळी पट्टी ठेवण्यांत आली. तोंपर्यंत गडी नाकास नाक लावून उभे असत, आणि त्या दाटींत कोणी कोणास ठोसा दिला, कोणीं कोणास धरलें, हें ब्रह्मदेवासही दिसलें नसतें. वीतभर उजेड मधें आला आणि अंपायरास प्रथमच डोळे मिळाले. पुढें १९१० सालीं सोबत्यांनीं एकमेकांस धरून सांखळी करणें, तसेंच धांवणाऱ्यास ओढणें-ढकलणें ह्यांस बंदी झाली. रेषेवर सात गडी असलेच पाहिजेत असेंही ठरलें.

ह्यानंतरचीं साठ-पासष्ट वर्षें अडविणाऱ्यानें हात छातीशीं आंखडून, कोपरे बाहेर काढून, कोंबड्यासारखे पंख करून अडवावयाचें अशीच शिस्त होती. पंचाच्या दृष्टीनें हा काळ सोपा. हात छातीपासून सुटला कीं अपराध. तो दुरूनही दिसे. दंड मात्र पंधरा यार्ड, म्हणजे फार जबर. धंदेवाईक संघांच्या राष्ट्रीय लीगनें १९७४ सालीं तो दहा यार्डांवर आणला. ह्यांत दया नव्हती, व्यवहार होता, असें माझें मत आहे. शाळेंत एखाद्या अपराधास नांव कमी करण्याची शिक्षा ठेवली कीं तो अपराध कोणाही शिक्षकास दिसेनासा होतो, हा माझा चाळीस वर्षांचा अनुभव.

बचाव करणारे मात्र ह्या काळांत मोकळे होते. अडविणाऱ्याच्या शिरस्त्राणावर तळहाताचा जोराचा तडाखा देऊन त्यास क्षणभर बधिर करावयाचें, ही युक्ति फार माजली होती. १९७७ सालीं ती बंद झाली. त्याच हंगामांत गुणांची संख्या फार खालीं गेली आणि लीगच्या चालकांस काळजी पडली. १९७८ सालीं त्यांनीं नियमाचा असा अर्थ लावला, कीं चेंडू फेकणाऱ्याचें रक्षण करतांना अडविणाऱ्यास हात लांब करतां येतील, तळवे उघडे ठेवून प्रतिपक्षास थोपवितां येईल. १८८८ सालीं ज्या हातांस बेडी पडली होती ते नव्वद वर्षांनीं सुटले. मागाहून कॉलेजांनींही तीच वाट धरली.

येथें पंचाचें काम खरोखर अवघड झालें. पूर्वीं हात कोठें आहे एवढेंच पाहावयाचें होतें. आतां हात प्रतिपक्षाच्या छातीवर असणें हेंच शास्त्रशुद्ध. अपराध घडतो तो बोटें मिटण्यांत, आणि तीं बोटें दोन अंगांच्या मधें झांकलेलीं. मग पंच पाहतो तरी काय? हाच प्रश्न मीं त्या वृद्ध शेजाऱ्यांस केला, आणि उरलेला सारा सामना त्यांनीं मला चेंडूकडे पाहूंच दिलें नाहीं.

त्यांनीं सांगितलें तें असें. शाळांच्या सामन्यांत बहुधा पांच अधिकारी असतात आणि डाव सुरू होण्यापूर्वीं प्रत्येकाचीं माणसें वांटून दिलेलीं असतात. अंपायर बचावाच्या फळीमागें उभा राहून समोरचे मधले तिघे पाहतो. रेफरी चेंडू फेकणाऱ्याच्या मागून कडेचा गडी पाहतो. बाजूंचे अधिकारी आपापली कड. चेंडू कोठें गेला ह्याचा मोह धरावयाचा नाहीं. नवीन पंच सर्वांत आधीं ह्याच मोहास बळी पडतो. दुसरें असें, कीं धरल्यासारखें दिसतांच फडकें टाकावयाचें नाहीं. झुंजीचा आरंभ, मध्य व शेवट तिन्ही पाहावयाचे. शेवट तेवढा पाहिला तर पडलेला माणूस दिसतो. पण तो ओढून पाडला, रेटून पाडला, कीं आपल्याच धांवेनें पडला, हें आरंभ पाहिल्यावांचून कळत नाहीं. हात अंगाच्या चौकटींत ठेवून प्रतिपक्षास रेटीत नेऊन उताणा पाडला तर तो अपराध नव्हे. त्याबद्दल शाबासकी मिळते. परंतु अडविणारा मागें पडूं लागला आणि जातां जातां त्यानें सदऱ्यास धरून दुसऱ्यासही बरोबर नेलें, तर अपराध.

हात दिसत नसल्यामुळें परिणाम पाहावयाचा. धांवणाऱ्याकडे झेपावणाऱ्याचा खांदा एकाएकीं उलटा वळला काय? त्याचे पाय चालत असतांना अंग जागींच राहिलें काय? सदऱ्याचें कापड ताणलें गेलें काय? कधीं कधीं बचाव करणाराच आपला हात अडविणाऱ्याच्या कांखेखालून वर घालून निसटूं पाहतो. तेव्हां अडविणाऱ्याचा हात आपोआप त्याच्या मानेभोंवतीं दिसतो. लोक ओरडतात, पण ही गळामिठी त्यानें आपण होऊन घेतलेली असते, म्हणून त्याच्या पायांखालची जमीन सुटेपर्यंत पंच गप्प राहतो.

आणि शेवटची गोष्ट, जिच्यावर माझा व त्यांचा वाद झाला. धरणें जेथें घडलें तेथून चेंडू जाणार होता काय? चेंडू मैदानाच्या एका टोकास असतांना दुसऱ्या टोकास कोणीं कोणाचा सदरा क्षणभर धरला, तर बहुतेक पंच डाव संपल्यावर त्या मुलास कानांत सांगतात, "हात सोड, पुढच्या खेपेस फडकें टाकीन." फडकें टाकीत नाहींत. अमेरिकेंत अशी म्हणच पडली आहे, कीं प्रत्येक डावांत कोणी ना कोणी धरीत असतोच. मी म्हणालों, मग नियम पुस्तकांत लिहितां कशाला? प्रत्येक पंचाच्या मर्जीवर न्याय ठेवण्यापेक्षां जें दिसेल त्यास दंड करावा. ते म्हणाले, तोही प्रयोग झालेला आहे.

तो प्रयोग २०१९ सालचा. धंदेवाईक लीगनें त्या हंगामाच्या आरंभीं चेंडूच्या मागच्या बाजूस होणाऱ्या धरण्यावर कडक नजर ठेवण्यास आपल्या अधिकाऱ्यांस सांगितलें. सप्टेंबरांत इतकीं फडकीं पडलीं कीं खेळ पुढें सरकेना; प्रेक्षक कंटाळले, खेळाडूंनीं जाहीर तक्रारी केल्या, आणि महिना संपण्यापूर्वींच चालकांस दोर सैल करावा लागला. दुसऱ्या वर्षीं उलट टोक. अगदीं उघड व स्पष्ट असेल तेवढेंच पाहावें, असें धोरण पडलें. फडकीं पुष्कळ कमी झालीं आणि त्या हंगामांत गुणांचा उच्चांक झाला. दोहोंचा संबंध केवळ कार्यकारणाचा आहे असें मी म्हणत नाहीं. त्या वर्षीं सांथीमुळें प्रेक्षागारेंही ओस होतीं आणि पुष्कळच गोष्टी निराळ्या होत्या.

हें फडकेंही जुनें नव्हे. पूर्वीं अधिकारी शिट्टी किंवा भोंगा वाजवीत, आणि गोंगाटांत तो कोणास ऐकूं जात नसे. ओहायो संस्थानांतील यंग्सटाउन कॉलेजचे शिक्षक ड्वाइट बीडी ह्यांस निशाणाची कल्पना सुचली, त्यांच्या पत्नीनें घरांतल्या जुन्या कपड्यांतून तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचीं निशाणें शिवून दिलीं, आणि १९४१ सालच्या ऑक्टोबरांत तीं प्रथम मैदानावर पडलीं. राष्ट्रीय लीगनें तीं १९४८ सालीं घेतलीं. पिवळा रंग १९६५ पासूनचा. अंपायराच्या उभें राहण्याच्या जागेसही इतिहास आहे. बचावाच्या फळीमागची त्याची जागा पाहण्यास उत्तम, पण धांवत्या माणसांच्या वाटेंतली. कित्येक अंपायर आपटून जखमी झाले. म्हणून राष्ट्रीय लीगनें २०१० सालीं त्यास दुसऱ्या बाजूस, रेफरीच्या पंक्तीस नेऊन उभें केलें. त्याचें अंग वांचलें, पण जें तो समोरून पाहत होता तें आतां पाठीमागून पाहावें लागतें. शाळांतून मात्र तो अजून जुन्याच जागीं उभा असतो.

माझा वाद तेथें थांबला ह्याचें कारण निराळें आहे. १९८६ सालीं आमच्या तालुक्याच्या शालेय हुतूतूच्या अंतिम सामन्यांत मी पंच होतों. आपल्या खेळांतही चढाई करणाऱ्याचें अंग धरावें, कपडा धरूं नये, असाच नियम आहे. शेवटच्या चढाईंत एका मुलास घेरून दाबला. त्याचा हात मधल्या रेषेपासून चार बोटें मागें राहिला आणि त्याचा दम गेला. मी रेषेवर डोळा ठेवून होतों. मुलगा बाद दिला. त्याचा संघ हरला. गर्दी ओसरल्यावर तो माझ्याजवळ आला आणि पाठ वळवून उभा राहिला. त्याचा गंजीफ्रॉक मागून खांद्यापासून कमरेपर्यंत फाटला होता. तो कांहीं बोलला नाहीं. मीही कांहीं बोललों नाहीं. निकाल लिहून झाला होता. रेषेऐवजीं मी त्याच्या पाठीकडे पाहत असतों तर त्याचा हात रेषेस लागला कीं नाहीं हें मला कळलें नसतें, हेंही तितकेंच खरें.

मीं शेजाऱ्यांस विचारलें, "वीस वर्षांत आपल्या नजरेंतून अशीं किती धरणीं सुटलीं असतील?" ते हंसले आणि म्हणाले, "जीं दिसलीं नाहींत तीं मोजूं कशीं?" तेवढ्यांत पुढचा डाव लागला. ज्या मुलाची धांव पुसली गेली होती तो पुन्हां आपल्या जागीं येऊन उभा राहिला. त्याच्या पुढें तेच धिप्पाड गडी हात जमिनीस टेकून वांकले, आणि फळीपलीकडे तो पट्ट्यापट्ट्यांच्या सदऱ्याचा अंपायर पिवळें फडकें कमरेस खोंचून, गुडघे किंचित् वांकवून, चेंडू सोडून त्या मधल्या तिघांकडे पाहूं लागला.